सोंगाची साक्ष

अलीकडे आमच्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींकडून, आणि नवल म्हणजे त्यांच्या नातवंडांकडूनही, एकच आक्षेप ऐकू येऊ लागला आहे. 'डेथ नोट' या जपानी चित्रमालिकेच्या नायकाला (नायक कसला, प्रतिनायकच तो) काही वाचक समलिंगी दृष्टीने वाचतात. स्त्रियांवरील त्याचे प्रेम हे निव्वळ सोंग असून ते त्याने स्वसंरक्षणासाठी घेतले आहे, असे ते म्हणतात. अशा वाचनाला 'क्वीअर वाचन' असे नाव पडले आहे. आजोबांना हे वाचन अभद्र वाटते आणि नातवाला ते चुकीचे वाटते. आजोबा म्हणतात, नसत्या ठिकाणी नसते शोधण्याची ही खोड आहे. नातू म्हणतो, लाइटला तर दोन दोन मैत्रिणी होत्या! कारणे निराळी, निकाल एकच. या निकालावर आम्ही अपील दाखल करीत आहो. नातवाचे म्हणणे आधी घेऊ, कारण ते पुराव्याचे आहे आणि पुरावा हा आमचा रोजचा व्यवसाय आहे.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही चित्रकथा 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात २००३ च्या डिसेंबरपासून २००६ च्या मेपर्यंत, १०८ प्रकरणांत, क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून मॅडहाउस या संस्थेने तेत्सुरो अराकी यांच्या दिग्दर्शनाखाली ३७ भागांची ॲनिमे मालिका काढली. ती २००६ च्या ऑक्टोबरपासून २००७ च्या जूनपर्यंत जपानी दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आली. लाइट यागामी हा सतरा वर्षांचा विद्यार्थी. त्याला मृत्युदेवतेची एक वही सापडते. चेहरा मनात आणून या वहीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहीत सुटतो. लोक या अज्ञात न्यायकर्त्याला 'किरा' म्हणू लागतात. त्याला पकडण्यासाठी 'एल' या नावाचा गुप्तहेर येतो, आणि त्याच्या हाताखाली जे पोलीसपथक काम करते त्याचे प्रमुख असतात सोइचिरो यागामी, म्हणजे लाइटचेच वडील. मुलगा अभ्यासात पहिला, बोलण्यात नम्र, घरात आज्ञाधारक. असा मुलगा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असेल. वही तेवढी नसावी.

आता मैत्रिणींकडे वळू. नातवाने दोन मोजल्या आहेत. वस्तुतः त्या अधिक आहेत. पहिली युरी. अमेरिकेच्या एफबीआयचा एक अधिकारी लाइटच्या पाळतीवर असतो आणि लाइटला त्याचे नाव हवे असते. म्हणून तो युरीला करमणुकीच्या उद्यानात फिरायला नेतो. ज्या बसने ते जातात ती एक गुन्हेगार बंदुकीच्या धाकाने अडवणार, हे लाइटने आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलेले असते. त्या गोंधळात तो अधिकाऱ्याला आपले ओळखपत्र दाखवायला भाग पाडतो. युरी आयुष्यभर समजणार की एकदा एका हुशार मुलाने आपल्याला फिरायला नेले होते.

परंतु आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा कोणत्याही मुलीचा नाही. तो आठव्या भागात आहे. आपल्या गैरहजेरीत खोलीत कोणी शिरले का, हे कळावे म्हणून लाइट दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून ठेवीत असे. एलची माणसे घरात शिरून कॅमेरे बसवून जातात तेव्हा हा कपटा अर्थातच त्यांच्या नजरेस येतो, आणि कोणीतरी आत येऊन गेले हे लाइटला उमगते. (मृत्युदेवता र्‍यूक याने हिंडून कॅमेरे मोजले तेव्हा ते ६४ भरले.) येथे लाइटची खरी अडचण सुरू होते. जो मुलगा दारात कपटा लावतो त्याच्यापाशी काहीतरी लपवण्यासारखे आहे, हे पाहणाऱ्याला कळून चुकलेले आहे. माझ्यापाशी काही गुपित नाही, असे आता त्याला म्हणता येत नाही. तेव्हा तो दुसरेच एक गुपित पुरवतो. स्त्रियांच्या उघड्यानागड्या छायाचित्रांची मासिके काढून तो कॅमेऱ्यासमोर चाळीत बसतो. इतकेच नव्हे, तर मुखपृष्ठाने आपल्याला फसवले अशी कुरकुरही करतो! मुखपृष्ठाने कोण कोणाला फसवीत आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसऱ्या एका इमारतीत त्याचे वडील हे दृश्य पडद्यावर पाहत असतात. आपला गंभीर, सुशील मुलगा असली मासिके वाचतो हे पाहून त्यांना धक्का बसतो, लाज वाटते. तथापि त्या लाजेच्या तळाशी एक सुटकेचा श्वासही असावा असे आम्हांला वाटते. कपट्याचा उलगडा झाला. मुलगा चारचौघांसारखाच निघाला. एक बाप आणि एक पोलीस अधिकारी, दोघेही येथे एकाच वेळी फसतात, कारण दोघांनाही एकच उत्तर हवे होते. त्या खोलीत उलटतपासणी घेणारा मनुष्य एकच आहे, तो म्हणजे एल. तो म्हणतो की सतराव्या वर्षी हे स्वाभाविकच आहे. परंतु कपटा का लावला याचे कारण हा मुलगा आपल्याला मुद्दाम सांगतो आहे, असे मला वाटते. पाहणाऱ्यासाठी केलेली कृती आणि एकांतातील कृती यांतील भेद ज्याला कळला, असा एवढा एकच!

पुढे मीसा आमाने येते. ही प्रसिद्ध मॉडेल. हिच्या आईबापांचा खून करणाऱ्याला किराने मारले म्हणून ती त्याची भक्त झालेली. तिच्यापाशीही वही आहे, आणि लाइटचे रहस्य तिला ठाऊक आहे. तिने प्रेम मागितल्यावर तो 'हो' म्हणतो. त्या 'हो'मध्ये काय आहे? तिला मारावे असे त्याच्या मनात असते; पण तसे केल्यास मी तुला मारीन, अशी धमकी रेम नावाच्या मृत्युदेवतेने दिलेली असते. मग एकट्या मीसाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून तो आणखी काही मुलींबरोबर हिंडू लागतो. त्यांत विद्यापीठातील कियोमी ताकादा असते. मुलगी लपवायला मुली! काही वर्षांनी हीच ताकादा दूरचित्रवाणीवर किराची प्रवक्ती होते, आणि लाइट तिला हॉटेलच्या खोलीत भेटू लागतो. खोलीतील बोलणे पोलीस चोरून ऐकत आहेत हे दोघांनाही माहीत असते. म्हणून तोंडाने प्रेमाचे संवाद चालतात आणि त्याच वेळी हाताने कागदावर चिठ्ठ्या लिहून खरा व्यवहार चालतो. ऐकणारे अधिकारी मात्र संकोचून जातात. परक्यांचा शृंगार ऐकणे सभ्य माणसाला जड जाते, आणि त्या जड जाण्यातच लाइटचे संरक्षण आहे.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. स्त्रीविषयक ओढीचा प्रत्येक पुरावा लाइटने स्वतः, संशय आल्यानंतर, संशय घेणाऱ्यासाठी तयार केलेला आहे. आरोपीने स्वतःच्या फायद्यासाठी केलेले कथन त्याच्या बाजूने पुरावा म्हणून सामान्यतः वाचता येत नाही, हे तत्त्व आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. हे तत्त्व कशासाठी आहे? तसे नसते तर प्रत्येक लबाड मनुष्य आपली निर्दोषता सकाळी लिहून संध्याकाळी न्यायालयात दाखल करता. लाइटच्या मैत्रिणी या अशाच सकाळी लिहिलेल्या दस्तऐवजांपैकी आहेत. त्या वगळा. मग त्याला स्त्रियांची ओढ होती हे दाखवणारे मालिकेत काय उरते? आम्ही शोधले, आम्हांला काही सापडले नाही.

यावर नातू म्हणेल, बरे, स्त्रियांची ओढ नव्हती. म्हणून पुरुषांची होती हे कशावरून सिद्ध झाले? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. ते सिद्ध झालेले नाही. लाइटचे कोणावरच प्रेम नाही, त्याला केवळ सत्ता प्रिय आहे, हे वाचन भक्कम आहे. तथापि उलट बाजूलाही काही आहे. एल संशयापोटी स्वतःला लाइटशी बेडीने जखडून घेतो. दोघे रात्रंदिवस एका साखळीच्या अंतरावर राहतात आणि मीसाला भेटीच्या वेळीही तिसरा मनुष्य सहन करावा लागतो. पंचविसाव्या भागात पावसात भिजून आल्यावर एल जिन्यावर बसून लाइटचे पाय पुसतो. त्यानंतर थोड्याच वेळात त्याला मृत्यू येतो आणि तो लाइटच्या बाहूंत कोसळतो. पाय पुसण्याचा हा प्रसंग मूळ चित्रकथेत नाही. ॲनिमे करणाऱ्यांनी तो आपणहून घातला. मग वाचकांनी त्यात काही पाहिले तर ते हवेतून पाहिले असे म्हणता येत नाही. मीसासमोर लाइट जे जे बोलतो ते हिशेबाने बोलतो; एलसमोर तोच मनुष्य चिडतो, खुलतो, हरल्याने अस्वस्थ होतो. तेव्हा मुखवटा सिद्ध आहे, त्यामागचा चेहरा अनुमानाचा आहे, आणि अनुमान करण्यास जागा आहे. यापलीकडे आमचा दावा नाही. पण आक्षेपकांचा दावा पडण्यास तेवढे पुरे आहे.

लेखकाच्या मनात असे काही नव्हते, असाही युक्तिवाद करण्यात येतो. नसेलही. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याच्या मनात काय होते यावरून आम्ही कायद्याचा अर्थ लावीत नाही. तो संमत झालेल्या शब्दांवरून लावतो. ओबांनी शब्द संमत केलेले आहेत.

आता आजोबांकडे येऊ. त्यांचा आक्षेप असा की ही सगळी आजकालची, पश्चिमेकडून आलेली विकृती आहे आणि ती जपानी मुलांच्या गोष्टीवर लादली जात आहे. येथे जपानचाच इतिहास काढून पाहिला पाहिजे. इहारा साइकाकू याने १६८७ मध्ये पुरुषांच्या परस्परप्रेमाच्या ४० कथांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो राजरोस विकला गेला. जपानात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आला तो १८७२ मध्ये, आणि तो फार टिकला नाही. ब्वासोनाद या फ्रेंच विधिज्ञाच्या साह्याने तयार झालेली नवी दंडसंहिता १८८२ मध्ये अमलात आली तेव्हा तो गेला. दहा वर्षांचा कायदा! पश्चिमेकडून जपानात काय आले आणि काय आधीपासून होते, याचा हिशेब आजोबांना वाटतो तसा लागत नाही.

मात्र कायदा गेला म्हणून सोंगाची गरज गेली असे झाले नाही, आणि हीच गोष्ट आम्हांला अधिक विचार करण्यासारखी वाटते. युकिओ मिशिमा यांची 'मुखवट्याचा कबुलीजबाब' या अर्थाच्या नावाची कादंबरी १९४९ ची. तिचा निवेदक आपल्या मित्राच्या बहिणीवर प्रेम करण्याचा प्रयत्न करतो, सोंग इतके मन लावून वठवतो की ते सोंग आहे की नाही हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. त्याला तुरुंगाची भीती नव्हती. भीती होती ती चारचौघांच्या नजरेची. ती भीती पोकळ नाही. तोक्यो महानगरातील एका विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचे समलिंगी असणे त्याच्या सहाध्यायाने मित्रांच्या गटात उघड केले, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्या विद्यार्थ्याचा इमारतीवरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर, २०१८ मध्ये, ते विद्यापीठ ज्या कुनिताची शहरात आहे त्या शहराने दुसऱ्याचे असे गुपित त्याच्या संमतीवाचून फोडण्यास मनाई करणारा नियम केला. ज्या देशात गुपित फोडण्याविरुद्ध नियम करावा लागतो त्या देशातील तरुण वाचकांनी दारातला कागदाचा कपटा पाहून आपली खोली ओळखली, तर त्यांस विकृत म्हणणे हा अन्याय आहे.

आजोबांचा आणखी एक प्रश्न आम्हांला खरोखर जड वाटतो. ते म्हणतात, या माणसाने शेकडो खून केले. त्यालाच तुम्ही समलिंगी म्हणता, म्हणजे त्या लोकांची तुम्ही बदनामीच करता की नाही? हा धोका आहे. गुप्त पापी आणि गुप्त प्रेमी यांना एकाच कोठडीत बसवण्याची रीत जुनी आहे, आणि वृत्तपत्रांनी व चित्रपटांनी ती पुष्कळ चालवली आहे. म्हणून भेद स्पष्ट सांगतो. लाइट जे लपवतो तो अपराध आहे. समलिंगी मनुष्य जे लपवतो तो अपराध नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तसा निर्णय दिलेला आहे. दोघांमध्ये सारखे आहे ते लपवण्याचे तंत्र, आणि ते तंत्र यशस्वी करणारा प्रेक्षक. पांडवांच्या अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या अंतःपुरात नृत्य शिकवीत राहिला. त्या वेषाची त्याला कोणी लाज घातली नाही, कारण तो संरक्षणासाठी होता हे आपण सारे जाणतो. परंतु त्या अज्ञातवासाला एका वर्षाची मुदत होती. पुरुषाने पतीचा वेष घेऊन जो अज्ञातवास पत्करावा त्याला मुदत नसते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. प्रेमाचे सोंग सर्वांत स्वस्त पडते, हे ती सांगत नाही. स्वस्त का पडते? पाहणारे लगेच समाधान पावतात म्हणून. मुलगा एखाद्या मुलीबरोबर दिसला की आई निश्चिंत, बाप निश्चिंत, शेजारी निश्चिंत, आणि या गोष्टीत तर पोलीसही निश्चिंत.

येथवर आम्ही क्वीअर वाचन करणाऱ्यांचा कैवार घेतला. आता त्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना मीसा नकोशी वाटते. ती उथळ आहे, कर्कश आहे, लाइट आणि एल यांच्या मध्ये उगाच लुडबुडते, असे ते म्हणतात. ढाल हातात का घ्यावी लागते हे ज्यांना इतके चांगले कळते, त्यांना ढालीवर पडणारे घाव दिसू नयेत, हे आम्हांला पटत नाही. मीसा मध्ये आलेली नाही; तिला मध्ये उभे केलेले आहे. तिचे प्रेम खरे आहे (खून करण्याइतके खरे, हेही विसरू नये), आणि ते खरे असल्यामुळेच ते सोंगाला उपयोगी पडते.

मीसासारख्या स्त्रिया केवळ चित्रांत नसतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. विवाहास दिलेली संमती महत्त्वाच्या बाबतीत कपट करून मिळवली असेल तर विवाह रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी कपट कळल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायालयात यावे लागते आणि कळल्यानंतर पतीबरोबर स्वेच्छेने राहिलेले चालत नाही. (गोव्यातील वाचकांना हा कायदा लागू नाही, तेथे पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेला कौटुंबिक कायदा आहे.) कागदावर तरतूद चांगली आहे. परंतु 'कळले' म्हणजे केव्हा कळले? पहिल्या आठवड्यात, जेव्हा काहीतरी चुकते आहे असे वाटले तेव्हा? की सातव्या वर्षी, जेव्हा नवऱ्याने स्वतः सांगितले तेव्हा? अशा बायका आमच्या टेबलासमोर येऊन बसलेल्या आहेत. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची मुभा आमचा व्यवसाय आम्हांला देत नाही. एवढेच सांगतो की त्यांचा राग बहुधा नवऱ्यावर नसतो. सासूवर असतो, कारण तिला ठाऊक होते. आणि स्वतःच्या बापावर असतो, कारण त्याने विचारले नाही.

आपल्याकडे स्थळ पाहताना काय विचारले जात नाही? मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, घराणे महाजनांपैकी आहे काय, नोकरी कायम आहे काय, घर स्वतःचे की भाड्याचे. पत्रिका तर दोन दोन ज्योतिषांना दाखवली जाते. मुलाला लग्न हवे आहे काय, हा प्रश्न मुलाला एकट्याला बाजूला घेऊन कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट मुलगा टाळाटाळ करू लागला की चार शहाणी माणसे सांगतात, उरकून टाका, लग्न झाले की येईल मार्गावर. म्हणजे औषध म्हणून दुसऱ्याची मुलगी द्यायची! आणि हे सांगणारे तेच, ज्यांना एका जपानी चित्रमालिकेचे वाचन अभद्र वाटते.

नातवाने आठवा भाग पुन्हा पाहावा आणि या वेळी लाइटकडे न पाहता त्याच्या वडिलांकडे पाहावे. त्याने मोजलेल्या दोन मैत्रिणींचे पुढे काय झाले तेही त्याने एकदा आठवावे. ताकादाचे नाव लाइटने वहीत लिहिले आणि ती जळून मेली. मीसा शेवटच्या भागात एका उंच इमारतीच्या कडेवर, कठड्याच्या पलीकडे उभी दिसते.